दीड किलोमीटरसाठी चार चाकं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, मी नऊ वर्षांची जुनी गाडी घेतली. रेनो डस्टर, २०१६ चं मॉडेल, डिझेल, ऑल व्हील ड्राइव्ह. ऑफिसात ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न एकच विचारला, "अरे पण ती बंद झाली ना?" आणि लगेच दुसरा, "मायलेज किती देते?" गाडी कशासाठी घेतली हे विचारणारा अजून भेटायचाय. म्हणून म्हटलं, या वीकांताला आपणच लिहून टाकावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ऑल व्हील ड्राइव्ह त्यानेच घ्यावी ज्याला तिच्यासाठी एका ठरावीक रस्त्याचं नाव सांगता येतं. "कधी लेह-लडाखला गेलो तर" हे नाव नव्हे. रस्त्याचं नाव सांगता येत असेल, तर बारा-तेरा लाखांच्या नव्या 'एसयूव्ही'पेक्षा निम्म्या किमतीची जुनी ऑल व्हील ड्राइव्ह बरी. फक्त ते वाचलेले पैसे आपले असं समजू नये. त्यातले बरेचसे त्या गाडीचेच असतात.

आता माझा रस्ता. आमचं घर राजापूर तालुक्यात. डांबरी जिथे संपते तिथून घर दीड किलोमीटर. तांबडी माती, मधेमधे जांभ्याचे धोंडे आणि शेवटी वळणावर एक चढ. मे महिन्यात त्या चढावर कुठलीही गाडी जाते. जुलैत तिथे चालताना माणसाचीच चप्पल मागे राहते.

२०२४ च्या जुलैत आजी न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. मी योगायोगाने गावीच होतो. अॅम्ब्युलन्स डांबरीपर्यंत आली आणि थांबली. ड्रायव्हरची काहीच चूक नव्हती, तो चिखल बघून मीही थांबलो असतो. माझी हॅचबॅक तिथेच खाली लावलेली होती. ती वर आणायचा प्रयत्न केला, तर चढाच्या मध्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी हळूहळू कडेच्या चरात गेली. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीला आजीला चादरीने बांधलं आणि चौघांनी तिला खाली नेली. पन्नास मिनिटं लागली. वर पाऊस. आजी एवढंच म्हणत होती, "सावकाश रे, तुम्ही पडाल."

पुण्याला परत आल्यावर मी आधी गाडी नाही शोधली. आधी, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांना स्मरून, माझी हॅचबॅक का अडकली ते कागदावर मांडलं. उत्तर सोपं आहे. गाडी चढाला लागली की वजन मागच्या चाकांवर सरकतं. पुढची चाकं हलकी होतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ओढायचं काम नेमकं त्या हलक्या चाकांकडेच असतं. ज्या चाकांवर वजन आहे ती नुसती मागून फरफटत येतात. उलट मागची चाकं ढकलणारी गाडी चढावर बरी चालते. कोकणात वाडीवाडीत बोलेरो दिसते त्यामागे हेही एक कारण आहे. मामांनी सांगितलंही, "बोलेरो घे आणि गप बस." मामांचं चूक नव्हतं. पण आमचा प्रवास पुणे ते राजापूर, कोल्हापूर आणि अणुस्कुरा घाटातून तीनशेच्या वर किलोमीटर. एवढ्या अंतराला, आणि खुबा बसवलेल्या आजीला मधल्या सीटवर बसवून, मला जरा मऊ चालणारी गाडी हवी होती.

मग बाजारात उतरलो आणि पहिला धक्का बसला. उंच बॉनेट, चाकांवर काळं प्लास्टिक, छतावर दांड्या... आणि खाली तेच, पुढची दोन चाकं ओढणारी. आपल्याकडे एसयूव्ही हा शब्द दिसण्यावर चालतो. सरकारलाही यात वावगं वाटत नाही. जीएसटी परिषदेने २०२२ च्या डिसेंबरात करासाठी एसयूव्ही कशाला म्हणावं ते स्पष्ट केलं, तेव्हा चार गोष्टी सांगितल्या: लोक तिला एसयूव्ही म्हणतात, इंजिन १५०० सीसीच्या वर, लांबी ४ मीटरच्या वर, आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. किती चाकं ओढतात, हा प्रश्नच नाही! दिसण्याला पैसे मोजायला माझी हरकत नाही, ज्याची त्याची हौस. पण आमचा चढ गाडीकडे बघून विरघळणारा नाही.

खरी चारही चाकं ओढणारी छोटी क्रॉसओव्हर आपल्याकडे मोजकीच. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर २०२२ मध्ये ऑल व्हील ड्राइव्हसकट आल्या. जीप कंपास २०१७ पासून. तिन्ही माझ्या खिशाच्या बाहेर. थार आणि जिम्नी या खऱ्या फोर बाय फोर, लो रेंजवाल्या, पण आजीला थारमध्ये चढवायचं तर पुन्हा चार माणसं लागणार. :-)

राहिली डस्टर. ती भारतात २०१२ मध्ये आली आणि तिची ऑल व्हील ड्राइव्ह २०१४ मध्ये. १४६१ सीसीचं डिझेल इंजिन, सहा गिअर, मागचं सस्पेन्शन साध्या डस्टरपेक्षा वेगळं आणि स्वतंत्र. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, डिझेल गेलं, आणि डिझेलबरोबर ऑल व्हील ड्राइव्हही गेली. २०२२ मध्ये ती डस्टरच थांबली. (२०२६ मध्ये ते नाव परत आलंय, पण ती गाडी वेगळी.) म्हणजे बाजारात फक्त २०१४ ते २०२० च्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एंड ऑफ लाइफ झालेलं पण अजून उत्तम चालणारं व्हर्जन.

यंत्रणा समजून घेतली की पुढची सगळी खरेदी सोपी होते, म्हणून थोडं त्याबद्दल. गिअर लिव्हरजवळ एक गोल बटण आहे, त्याला तीन खुणा: टूडब्ल्यूडी, ऑटो, लॉक. इंजिनकडून एक लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो. मागच्या डिफरन्शिअलच्या तोंडाशी विजेवर चालणारा एक क्लच आहे. टूडब्ल्यूडीमध्ये तो सुटलेला असतो. ऑटोमध्ये पुढची चाकं घसरली की कॉम्प्युटर तो आवळतो. लॉकमध्ये तो आवळूनच ठेवतो, आणि वेग वाढला की लॉक आपोआप सुटतं. लो रेंज नाही. त्याची भरपाई म्हणून पहिला गिअर इतका छोटा दिलाय की सपाट रस्त्यावर लोक दुसऱ्यावरच गाडी उचलतात.

आता यातली मेख बघा. बटण टूडब्ल्यूडीवर ठेवलं तरी तो शाफ्ट फिरतच असतो. म्हणजे ज्या मालकाने जन्मात बटणाला हात लावला नाही, त्याच्याही गाडीत ही मंडळी झिजलेली असतात. आणि नेमका हाच मालक अभिमानाने सांगतो, "साहेब, फोर बाय फोर कधी वापरलंच नाही, एकदम नवं आहे!" मला हे वाक्य बॅकअपसारखं वाटतं. रोज बॅकअप घेतो, पण रिस्टोअर कधी करून बघितला नाही... तर तो बॅकअप आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं.

मी तीन गाड्या बघितल्या.

पहिली पिंपरीत, एका डीलरकडे. मीटरवर ६२ हजार. पॉलिश अशी की त्यात बघून भांग पाडावा. पण पुढे नवे कोरे टायर आणि मागे वेगळ्याच कंपनीचे गुळगुळीत झालेले. साध्या गाडीत हे चालून जातं, इथे नाही. हिशोब करू. २१५/६५ आर १६ मापाच्या टायरची त्रिज्या साधारण ३४३ मिलिमीटर. नवीन टायरच्या खाचा ८ मिलिमीटर आणि झिजलेल्याच्या ३ धरल्या, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक. म्हणजे दर किलोमीटरला मागची चाकं पुढच्यांपेक्षा जवळपास ७ फेऱ्या जास्त फिरणार. ऑटोमध्ये आणि लॉकमध्ये हा फरक तो बिचारा क्लच घसरून भरून काढतो, तापतो आणि झिजतो. मी डीलरला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मागचे दोन पण टाकून देतो ना." टायर टाकशील रे, पण तोवर झालेल्या किलोमीटरचं काय? शिवाय क्लच आणि ब्रेकच्या पेडलची रबरं पार गुळगुळीत. ६२ हजारांत इतकी होत नाहीत. नमस्कार केला आणि निघालो.

दुसरी दिल्लीची, फोटोवर बघितलेली, २०१५ ची, लाखभर स्वस्त. ही स्वस्ताई कुठून येते ते समजून घ्या. दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवायला हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मी शोधत होतो तेव्हा तो नियम पुरता लागू होता, त्यामुळे नववं-दहावं वर्ष आलं की तिथल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत निघायच्या. (पुढे २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने कारवाईबाबत दिलासा दिला.) गाडी वाईट असेलच असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, आपल्याकडे नव्याने नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, ट्रेलरचं भाडं आणि एजंटच्या फेऱ्या एवढं सगळं जोडलं की लाखाचे जेमतेम पाच-दहा हजार उरत होते. आणि गाडी हातात येईपर्यंत खालून बघायची सोय नाही. तीही सोडली.

तिसरी पाचगणीजवळची. मालकाची स्ट्रॉबेरीची शेती. मीटरवर १ लाख १८ हजार, डाव्या दारावर ओरखडा, आतमध्ये लाल माती. बाबा फोनवर म्हणाले, "लाखाच्या वर चाललेली गाडी घेऊ नकोस रे." पण काकांनी एक फाइल पुढे ठेवली. नऊ वर्षांची सगळी बिलं, तारखेवार. त्यात मागच्या डिफरन्शिअलचं ऑईल दोनदा बदलल्याची नोंद. चारही टायर एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले. बटणाभोवतीचा रंग उडालेला, कारण काका पावसाळाभर ते रोज फिरवत होते. मी तोवर 'कमी चाललेली' गाडी शोधत होतो. तिथे लक्षात आलं की आपल्याला नीट वापरलेली गाडी शोधायची होती.

तरी तपासायचं ते तपासलंच. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहितो.

एक, गाडी लिफ्टवर घेऊन पोट बघायचं. शाफ्टच्या जोडांपाशी उडालेलं ग्रीस, मधल्या बेअरिंगचा खेळ, डिफरन्शिअलखाली ओल. त्याचं ऑईल थोडं काढून बघायचं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे.

दोन, पुराची गाडी नाही ना ते बघायचं. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला महाड-चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, त्यावर चिखलाची रेष राहते. गालिचे उचलून खाली हात फिरवायचा.

तीन, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर कोणीतरी दिवाच काढलेला असू शकतो. माझ्याकडे ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर होता, तो लावून जुने एरर कोड वाचले.

चार, लॉक लावून मातीच्या चढावर खरोखर चालवायची. डांबरीवर नाही. तिथे लॉकमध्ये वळवली तर शाफ्टला पीळ बसतो. काकांनी स्वतःच शेतातला चढ दाखवला आणि म्हणाले, "इथे चढव, मग पैशाचं बोलू."

पाच, टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं.

सहा, एअरबॅग. २०१७ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या डस्टरची चाचणी घेतली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या मॉडेलला शून्य तारे मिळाले आणि ड्रायव्हरची एअरबॅग असलेल्याला तीन. दहा-वीस हजार वाचवायला खालचं मॉडेल घेऊ नका.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही. आरसीवर बँकेचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला, नाव बदलायला २९ आणि ३०, थकलेली चालानं आधी भरून घेणं, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर. आणि एक आकडा मनात ठेवायचा: नोंदणी १५ वर्षांची असते. माझ्या गाडीची २०३१ ला संपेल, मग तपासणी आणि नूतनीकरण. म्हणजे मी सहा वर्षांची गाडी घेतोय, हा हिशोब धरूनच किंमत ठरवली.

पावणेसहा सांगितले होते, ५ लाख ४० हजारांत दिली. त्यानंतरचं खरं बिल असं: चार टायर ३६ हजार, पाण्याच्या पंपासकट टायमिंग बेल्ट २२ हजार, पुढचे आर्म आणि बुश १४ हजार, सगळी ऑईलं ९ हजार, बॅटरी ७ हजार. एकूण ८८ हजार. म्हणजे घेतली ५ लाख ४० हजारांना आणि उभी राहिली ६ लाख २८ हजारांना. शिवाय एक लाखाची एफडी फक्त तिच्या नावाने काढली. कारण इंजिनचे पार्ट मिळतात, पण तो मागचा क्लच, शाफ्ट, डिफरन्शिअल हे फक्त या मोजक्या गाड्यांचे. ते महाग, आणि वाट बघायला लावणारे. जुनी ऑल व्हील ड्राइव्ह घेऊन वर्षभरात कंटाळून विकणारे मी पाहिलेत. त्यांचं गाडीने नाही बिघडवलं. सगळे पैसे त्यांनी पहिल्याच दिवशी मालकाच्या हातात ठेवले होते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी गाडीचा एजंट वाटेन.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याच चढावरून उतरताना मी ब्रेक लावला आणि गाडी सात-आठ फूट सरळ घसरत गेली. आंब्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर थांबली. चूक माझी. दीड महिना गाडी दिमाखात चढत होती, त्याचा माज आला होता. पण ओढणारी चाकं दोन असोत की चार, ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबायचं काम टायर आणि चिखल मिळून ठरवतात, तिथे त्या गोल बटणाचा काही संबंध नाही. तेव्हापासून उतरताना पहिला गिअर आणि पाय ब्रेकच्या वर नुसता तयार. चारचाकीचा खरा धोका हाच, की ती तुम्हाला अशा जागी नेऊन ठेवते जिथे एरवी तुम्ही गेलाच नसतात.

मायलेज म्हणाल तर हायवेला १५, शहरात १२. बूटमध्ये साध्या डस्टरपेक्षा जागा कमी. पुण्यात ही गाडी मला लागतच नाही. ऑफिसला स्कूटर पुरते. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी गावी बाबांकडे ठेवतो. जिथे तिचं काम, तिथे ती. "लाखाच्या वर चाललेली घेऊ नकोस" म्हणणारे बाबा आता तिचे टायर स्वतः धुतात.

आणि सर्वात मोठा आक्षेप माझा मलाच आहे. आमच्या वाडीत नऊ घरं. आजीसारखी म्हातारी माणसं पाच घरांत. खरं औषध म्हणजे तो दीड किलोमीटर पक्का होणं, निदान त्या चढावर काँक्रीट होणं. त्याचे अर्ज माझ्या आजोबांच्या काळापासून चालू आहेत. माझ्याकडे सहा लाख होते म्हणून मी माझ्यापुरता रस्ता विकत घेतला, हे खरं आहे. ते सुखाने लिहीत नाहीये. या पावसाळ्यात बाबा रात्रीचे दोनदा गाडी काढून वाडीतल्या लोकांना डांबरीपर्यंत सोडून आले, पण एक गाडी म्हणजे रस्ता नव्हे. अर्जावर यंदा नऊही घरांच्या सह्या घेतल्यात. बघू.

जुलैमध्ये आजीला तपासणीला नेलं. पाऊस तसाच, चिखल तसाच. चढाच्या वर बटण लॉकवर केलं, पहिला गिअर, आणि ब्रेकला न शिवता बैलगाडीच्या वेगाने खाली आलो. येताना तसेच वर. मधेच पुढचं चाक क्षणभर घसरलं, मागून कोणी ढकलल्यासारखं झालं आणि गाडी चढून गेली. मी आरशातून आजीकडे बघितलं. म्हटलं आता कौतुक करेल.

आजी म्हणाली, "मायलेज किती देते रे?"